डावीकडचं हँडल

रिळातून साबणाचा वास आला.

मिस्त्रीणबाईंनी ते नाकाशी धरलं, दूर केलं, पुन्हा नाकाशी धरलं. माशाचा वास असता तर ठीक होतं. शेवाळाचा, चिखलाचा, आमिषाच्या गांडुळांचा, यातला कुठलाही चालला असता. पण तळ्यावर मासे धरायला गेलेल्या माणसाच्या काठीवरच्या रिळाला साबणाचा वास यायचं काही कारण नव्हतं. आणि तोही कपड्यांच्या साबणाचा नव्हे, अंगाला लावायच्या गोडसर साबणाचा.

"अहो, आज तळ्यावर अंघोळ केलीत का?"

नवरा बाहेरच्या खोलीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता. "कोण, मी? छे. पाणी गार असतं."

"आणि मासे?"

"दोन लागले होते. लहान होते, सोडून दिले."

या माणसाने लहान मासा सोडल्याचं बाईंच्या स्मरणात नव्हतं. बोटभर मासा असला तरी तो कागदात गुंडाळून घरी यायचा आणि वाघ मारल्याच्या थाटात ओट्यावर ठेवला जायचा. आता बरेच रविवार सगळेच मासे लहान निघत होते आणि सगळेच सुटत होते. तळ्यातल्या माशांनी वाढायचंच सोडून दिलं असावं.

रविवारी संध्याकाळी रीळ उघडून साफ करायचं, हे काम पहिल्यापासून बाईंचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरायची, वाटीत थोडं रॉकेल घ्यायचं, बाजूला जुना टूथब्रश, दुकानातून आणलेले बारके पेचकस, ग्रीसची डबी आणि शिलाईच्या मशीनच्या तेलाची कुपी. पंखे, पंप आणि मिक्सर दुरुस्त करायच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. आधी वडिलांच्या हाताखाली आणि नंतर वडिलांच्या जागेवर. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत, आणि नाव विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. हे रीळसुद्धा दुकानात भंगारात आलं होतं. गंजून घट्ट झालेलं, हँडल वाकडं. बाईंनी ते आठवडाभर रॉकेलात बुडवून ठेवलं, खोललं, त्याचा एक तुटका दात घासून नीट केला आणि नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. आठवडाभर लोकांना वर-खाली पोचवणाऱ्या माणसाला एक दिवस तरी एका जागी बसायला मिळावं, एवढाच त्यामागचा विचार होता.

काम संपलं की बाई साबणाने दोनदा हात धुवत. एकदा तेल जाण्यासाठी आणि एकदा वास जाण्यासाठी. ही सवय लग्नानंतरची होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं रीळ खोललं, पण मन नेहमीसारखं नव्हतं. आधी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तपासली. वरची नायलॉनची दोरी ओली होती. चार वेढे उलगडले तर खालची कोरडी ठणठणीत. गळ पाण्यात दूर फेकला की दोरी आतपर्यंत भिजते. ही दोरी कोणीतरी नळाखाली धरून भिजवली होती.

मग त्यांनी बाजूची झाकणी काढली. आतलं ग्रीस काळंभोर झालं होतं. मागच्या रविवारी त्यांनी स्वतः भरलेलं ताजं, घट्ट, मधाच्या रंगाचं ग्रीस, आणि आठ दिवसांत त्याचं काजळ. म्हणजे हँडल फिरवलं गेलं होतं, भरपूर फिरवलं गेलं होतं. दोरी पाण्यात पडली नाही आणि चाकं मात्र फिरून फिरून झिजली. हे कोडं बाईंना दुकानात कुणी घातलं असतं तर त्यांनी चहा मागवून आरामात सोडवलं असतं. घरातलं कोडं सोडवताना चहा सुचत नाही.

नवरा हँडल उजव्या हाताने फिरवायचा. पण या रिळाचं हँडल काढून डाव्या बाजूलाही बसवता येत असे, आणि डाव्या बाजूच्या टोपणाच्या खाचेत नवा, चमकता ओरखडा होता. खोलणाऱ्याच्या हाताला पेचकसाची सवय नव्हती, हेही त्या ओरखड्यावरून कळत होतं. हँडलच्या मुठीच्या फटीत काहीतरी चिकट अडकलं होतं. बाईंनी टाचणीने ते कोरून काढलं. दुधात भिजलेल्या बिस्किटाचा चुरा. आणि रीळ काठीला बसतं त्या पायाच्या कोपऱ्यात पांढरी पूड. ती बोटावर घेऊन चोळली तेव्हा अंगाला लावायच्या पावडरीचा वास आला.

गोड साबण, पावडर, दुधातलं बिस्किट, आणि कुणीतरी डावखुरं, तासन्‌तास नुसतंच हँडल फिरवणारं.

बाईंनी टूथब्रश खाली ठेवला. कुणाचंतरी लहान मूल रिळाशी खेळत होतं.

त्यांना मूल झालं नव्हतं. त्या गोष्टीवर दोघांनी किती वर्षं बोलणं सोडलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. जखम भरली आहे असं दोघंही धरून चालले होते. आता त्या वाटीतल्या काळ्या रॉकेलाकडे बघताना बाईंना दिसत होतं, तिकडे, कुठेतरी, दर रविवारी, यांच्या मांडीवर बसून एक पोर हँडल फिरवत होतं. आणि ते पोर आहे म्हणजे त्या पोराची आईही असणार.

"झालं का गं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"होतंय. यावेळी घाण फार आहे."

"तळ्यात गाळ वाढलाय," नवरा म्हणाला, आणि पान उलटल्याचा आवाज आला.

त्या रात्री बाईंनी स्वतःलाच समजावून पाहिलं. हाच तो माणूस, ज्याने आपल्यासाठी भावाचं घर सोडलं. लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, बाईंनी थोरल्या दिरांपुढे पाण्याचा पेला धरला होता. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी पेला घेतला नाही. "हिच्या हातचं पाणीसुद्धा नको. मशीनच्या तेलाचा वास मारतो," असं म्हणून ते हसले, आणि त्यांच्यामागून सगळी खोली हसली. नवरा हसला नव्हता. आठ दिवसांत त्याने वेगळी खोली घेतली. त्या घरात पुन्हा पाऊल टाकलंत तर माझं तोंड पाहू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यावर नवरा एवढंच म्हणाला होता की बरं. त्याने ते आजवर पाळलं. ज्याने सख्ख्या भावाला तोडलं, तो असा निघावा? पण संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा जेवून जात नाही, अंथरूण पसरतो.

बाईंनी सापळा लावला. भांडण करायचं तर हातात पुरावा हवा.

पुढच्या शनिवारी नवरा दाढी करत असताना त्यांनी रिळावरच्या तारेच्या कमानीची स्प्रिंग काढून घेतली आणि काडेपेटीत घालून काडेपेटी डाळीच्या डब्यामागे ठेवली. स्प्रिंग नसली की कमान लुळी पडते, दोरी पकडत नाही. अशा रिळाने एकदाही गळ टाकता येत नाही. मासे धरणाऱ्याला ते पहिल्याच फेकीत कळेल, आणि घरी येऊन तो आधी बायकोच्या नावाने शंख करेल. पण नुसतं हँडल फिरवत बसणाऱ्याला कळणारही नाही.

रविवारी संध्याकाळी नवरा आला, काठी कोपऱ्यात उभी केली, रीळ काढून टेबलावर ठेवलं.

"कसं चाललं आज?" बाईंनी विचारलं.

"एकदम लोण्यासारखं. तुझ्या हाताला तोड नाही."

"दोरी अडकली वगैरे नाही ना?"

"छे गं. सरसर सुटत होती."

बाईंनी मान हलवली. सरसर सुटत होती म्हणे. इतकं चोख खोटं बोलता येतं या माणसाला, आणि आपल्याला इतक्या वर्षांत पत्ता नाही. त्यांना रडू यायला हवं होतं, पण राग इतका होता की रडण्याला जागाच उरली नव्हती.

त्याच्या पुढच्या रविवारी नवरा निघाल्यावर बाई मागून निघाल्या. नवरा बस थांब्यावर गेला तशा त्या फळवाल्याच्या गाडीआड उभ्या राहिल्या. तळ्याची बस आली आणि गेली, पण नवरा चढला नाही. उलट्या दिशेच्या बसमध्ये पुढच्या दाराने तो चढला आणि मागच्या दाराने बाई. गर्दीच्या डोक्यांवर काठीचं टोक हलत होतं, त्यामुळे तो नजरेआड होण्याची भीती नव्हती. लपूनछपून दुसऱ्या घरी जाणाऱ्याने एवढी लांब काठी बरोबर नेऊ नये, असं त्या वेळीही बाईंच्या मनात येऊन गेलं.

शेवटच्या थांब्यावर तो उतरला. दोन गल्ल्या, एक पिठाची गिरणी, मग बैठ्या घरांची रांग. कोपऱ्यातल्या घराच्या अंगणात एक तरुण बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. नवऱ्याला पाहून ती हसली, पुढे आली, त्याच्या हातातली पिशवी तिने सहज काढून घेतली. ओळखीच्या माणसाची घेतात तशी. नवरा काठी भिंतीला टेकवून आत गेला. तीही आत गेली.

बाई अंगणाबाहेर उभ्या राहिल्या. दोरीवर मऊ कापडाचे चौकोनी तुकडे वाळत होते, ओळीने. गळ्याला बांधायचं एक लाळेरं होतं, त्यावर दुधाचा डाग राहिलेला. आता बघायचं काही उरलं नव्हतं. बाईंना वाटलं, इथूनच मागे फिरावं, घरी जाऊन कपडे भरावे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला जावं. दुकान आपलं आहे, हात आपले आहेत.

तेवढ्यात रिळाचा आवाज आला.

तो आवाज त्यांनी हजार आवाजांतून ओळखला असता. पण असा तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. कुर्र, आणि थांब. बऱ्याच वेळाने पुन्हा कुर्र. पोराच्या हातात हँडल आलं तर ते भिंगरीसारखं फिरवेल, इतकं अडखळत फिरवणार नाही. कुठलं तरी जड यंत्र चढ चढत असावं तसा तो आवाज होता. आणि नवरा बोलत होता, लाडीगोडीने, बाईंनी कधी न ऐकलेल्या सुरात.

"शाब्बास. अजून एक. मासा लागलाय बघ, सोडायचा नाही. ओढ, ओढ. अजून एक."

बाई खिडकीशी गेल्या. त्यांना आता कुणाची लाज राहिली नव्हती.

खुर्चीत थोरले दीर बसले होते.

मिशा कुणीतरी काढून टाकल्या होत्या, म्हणून आधी ओळख पटली नाही. तोंड एका बाजूला ओघळलेलं, गळ्यात लाळेरं, मानेवर पावडर. डावा हात मांडीवर ठेवलेला, आणि त्या हातात हँडल. नवरा समोर गुडघ्यांवर बसून रीळ दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. थोरल्यांची बोटं मुठीवरून घसरत होती, नवरा ती एकेक करून पुन्हा मुठीवर ठेवत होता. ती तरुण बाई बशीत बिस्किट कुस्करत होती. बाईंनी तिला नीट पाहिलं आणि तिच्या कपाळात, नाकात त्यांना थोरली जाऊ दिसली, जी वारल्याचं त्यांनी उडत उडत ऐकलं होतं. ही त्यांची मुलगी. शेवटची पाहिली तेव्हा पाळण्यात होती.

"काका, पुरे करा, दमले ते," ती म्हणाली.

"त्याला दमू दे. डॉक्टर म्हणालेत, हात फिरवलाच पाहिजे. लहानपणी मला तळ्यावर नेऊन हाच बसवायचा, मी रडलो तरी उठू द्यायचा नाही. आता माझी पाळी."

थोरल्यांनी हँडल पुढे ढकललं. ते अर्ध्यावर अडलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

बाईंना सगळ्यात आधी जे कळलं ते मिस्त्रीणबाईंना कळलं, बायकोला किंवा भावजयीला नाही. ग्रीस फार घट्ट आहे. नवऱ्याच्या हाताला भारदस्त लागावं म्हणून आपणच दर रविवारी घट्ट ग्रीस भरतो, आणि दर रविवारी हा लुळा हात त्या ग्रीसशी झुंजतो.

त्या आल्या तशा परत फिरल्या. बसमध्ये बसल्यावर त्यांना रडू आलं. सुटका झाल्याचं होतं, लाज वाटल्याचंही होतं, आणि राग तर होताच. रागावायला आता दुसरी बाईसुद्धा उरली नव्हती. थोरल्यांची कीव आली असं त्या म्हणाल्या नसत्या. त्यांनी न घेतलेला तो पेला अजून बाईंच्या हातात होता.

संध्याकाळी नवऱ्याने रीळ टेबलावर ठेवलं. "आज तीन लागले," तो म्हणाला, "पण..."

"लहान होते."

"हो."

बाईंनी चादर पसरली. रीळ खोललं, आणि गिअरमधलं ग्रीस शेवटच्या दातापर्यंत रॉकेलाने धुऊन काढलं. कोरडं पुसलं. मग ग्रीसची डबी बाजूला सारून त्यांनी तेलाची कुपी घेतली. पातळ तेल, थेंब थेंब. हँडलला नुसतं बोट लावलं तरी ते फिरू लागलं. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि मुठीभोवती गुंडाळून ती जाड केली, दोऱ्याने करकचून बांधली. शेवटी हँडल उजवीकडून काढलं, डावीकडे बसवलं आणि टोपण घट्ट केलं.

नवरा चहाचा कप ठेवायला आत आला होता. तो तसाच उभा राहिला.

"हँडल डावीकडे बसवलंस?"

"उजवीकडून कुठे फिरवणार ते? आणि टोपण काढायला सुरी वापरू नका. खाच पार खाल्लीय. पेचकस देते एक."

नवऱ्याने खुर्ची ओढली आणि बसला. बराच वेळ त्याला कप कुठे ठेवावा ते कळेना. "तुला सांगणार होतो," तो शेवटी म्हणाला.

"केव्हा? मोठा मासा लागल्यावर?"

"तू म्हणाली होतीस, तोंड पाहू नका."

"तोंड तर रोज बघत होतात. तेही खोटं बोलून." बाईंनी पेचकस टेबलावर आपटला. "मी काय काय समजले असेन, कळतंय का तुम्हाला? पोर समजले मी. तुमचं पोर."

नवऱ्याने मान खाली घातली. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "कुणी नाही गं त्याला," तो म्हणाला. "पोरगी एकटी किती करणार? रबरी चेंडू दिला दाबायला, तर फेकून दिला. रीळ दिलं तेव्हा हात उचलला त्याने. विचारलंन मला, कुणी नीट केलं हे? मी सांगितलं."

"मग?"

"रडला." नवरा म्हणाला. "म्हणजे आता तो कशावरही रडतो."

बाईंनी डब्यामागून काडेपेटी काढली, स्प्रिंग कमानीत पुन्हा बसवली. नवरा स्प्रिंगकडे बघत राहिला, मग कमानीकडे, आणि मग हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"सरसर सुटत होती," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी नवऱ्याने रीळ पिशवीत घातलं. काठीला हात लावला, आणि ती तिथेच कोपऱ्यात राहू दिली.

"येतेस का तू?" त्याने चपला घालता घालता विचारलं.

"नाही."

तो दोन पायऱ्या उतरला तेव्हा बाई दारात आल्या. "त्यांना सांगा, यावेळी तेल जास्त घातलंय. वास येईल. चालवून घ्या म्हणावं."

नवऱ्याने वळून पाहिलं, पण बाई आत गेल्या होत्या. दिवसभर त्यांनी घरातले दोन पंखे उगाचच उतरवले, पुसले आणि परत लावले. मी बोलले ते बरं केलं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. आजारी माणसाला टोचून काय मिळवलं, असंही वाटलं, आणि टोचलं नसतं तर ते माझ्याच अंगात राहिलं असतं, असंही वाटलं.

संध्याकाळी रीळ टेबलावर आलं. मुठीच्या रबरात बिस्किटाचा चुरा होता, पावडर होती, आणि दोरी कोरडी होती. नळाखाली धरायचं आता कारण नव्हतं. बाईंनी ते नाकाशी धरलं.

साबणाचा वास नव्हता. तेलाचाच होता.

"पोरगी नेहमीसारखी साबणाचं फडकं घेऊन आली होती पुसायला," नवरा म्हणाला. "दादाने हँडल सोडलं नाही. नको म्हणाला. तसंच ने म्हणाला. मग स्वतःचा हात नाकाशी नेला त्याने. अर्ध्यापर्यंतच गेला, पुढे मी धरून नेला."

बाईंनी रीळ टेबलावर ठेवलं.

"पुसायला हवं होतं," मग त्या म्हणाल्या. "चुरा आत गेला की दाते खराब होतात."

त्यांनी चादर पसरली, वाटीत रॉकेल ओतलं. काम बराच वेळ चाललं. नवऱ्याने पाणी मागितलं तेव्हा त्या सवयीने नळाकडे वळल्या, साबणाची वडी हातात घेतली, आणि परत ठेवली. तसाच पेला भरून त्यांनी त्याच्यासमोर ठेवला. काचेवर त्यांची तेलकट बोटं उमटली होती.